फेट्याचं माप

सत्कार या विषयातलं हंबीरराव इंगवल्यांना जेवढं कळत होतं, तेवढं अख्ख्या कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला कळत नसावं. गूळ मार्केटातल्या 'मधुर सेवक सहकारी पतसंस्थे'त त्यांनी उभी नोकरी काढली, आणि त्या नोकरीत संस्थेनं केलेल्या प्रत्येक सत्काराचा नारळ त्यांनीच आणला. नारळ शेंडीचा हवा आणि हलवला की आत पाणी वाजायला हवं. शालीवरची किमतीची चिठ्ठी आधी काढायला हवी. हार घालताना पाहुण्यांचा चष्मा कुणीतरी धरायला हवा. हे सगळं त्यांना पाठ होतं. मानपत्रंही तेच लिहीत. 'आपण वटवृक्ष आहात' हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना लिहून दिलं होतं, की संस्थेच्या आवारात पार्किंगला सावलीची ददात पडायला नको होती.

राहिलं होतं ते एवढंच, की त्यांचा स्वतःचा सत्कार कधी झाला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी व्हायचा, तर तो महिना नेमका लॉकडाऊनचा निघाला. अध्यक्षांनी फोनवरून शुभेच्छा दिल्या, पण फोनवरून फेटा बांधता येत नाही. हंबीररावांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त दुसऱ्या कुणाच्या सत्काराची बातमी पेपरात आली की ते ती मोठ्यानं वाचत आणि फेटा वाकडा बसलाय असं म्हणत.

म्हणून अध्यक्ष अमरसिंह यांचा फोन आला तेव्हा हंबीररावांनी तो उभं राहून घेतला.

"काका, संस्थेला पन्नास वर्सं झाली. रविवारी मोठा कार्यक्रम हाय. आपला पैला कॉम्प्युटर तुमच्याकडंच हाय न्हवं?"

"हाय की."

"चालतोय का?"

त्या संगणकाचं बटण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कुणी दाबलं नव्हतं. पण अध्यक्षांच्या प्रश्नाला नाही म्हणायची सवय हंबीररावांना नव्हती. "चालंल की," ते म्हणाले.

"मग झालं तर. स्टेजवर सत्कार ठेवलाय. मशीन घिऊन तुमी सोता या. शनवारी फेटंवाला गुंडू तुमच्या घरी येऊन माप घिऊन जाईल."

फोन ठेवल्यावर हंबीरराव बराच वेळ तसेच उभे होते. सत्कार कुणाचा हे अमरसिंहांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. जे उघड आहे ते विचारणं बरं दिसत नाही. शिवाय गुंडू आजवर जागेवर येऊन, दिसेल त्या डोक्याला फेटा बांधून मोकळा होत असे. माप घ्यायला तो घरी येणार, म्हणजे हा साधासुधा फेटा नव्हता.

आता त्या संगणकाविषयी. तो संस्थेत आला एकोणीसशे एकोणनव्वद साली. रंग तेव्हा दुधासारखा होता, आता चहासारखा झाला आहे. समोर मोठाल्या फ्लॉप्या घालायच्या दोन फटी, वर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारा जाडजूड मॉनिटर. माउस नावाची वस्तू त्याच्या ऐकिवातही नव्हती. बसवायला आलेला इंजिनिअर जाताना म्हणाला, "धूळ हा याचा शत्रू." ते हंबीररावांनी मनावर घेतलं. खोलीच्या दाराला 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लागली. अध्यक्षांना पंखा होता, संगणकाला एसी होता. अमरसिंहांचे वडील म्हणजे थोरले अध्यक्ष. त्यांच्या करकरत्या चपलांचा आवाज जिन्यात आला की शिपाई तंबाखू गिळत. ते पहिल्यांदा खोलीत शिरायला आले आणि अठ्ठेचाळीस किलो वजनाचे हंबीरराव दारात आडवे उभे राहिले.

"साहेब, चपला."

थोरल्या अध्यक्षांनी एकदा पाटीकडं पाहिलं, एकदा हंबीररावांकडं पाहिलं आणि वाकून चपला काढल्या. अख्ख्या नोकरीत हंबीररावांचं कुणी ऐकलं असेल तर ते त्या एका उंबऱ्यावर.

पुढे नवे संगणक आले. जुन्याची वहीतली किंमत घसरत घसरत एक रुपयावर येऊन थांबली होती. भंगारवाला तो फुकटातही घेईना, उलट न्यायचंच भाडं मागू लागला, आणि एक रुपयाची वस्तू रुपयाखाली विकायला लेखापरीक्षक परवानगी देईनात. तेव्हा 'पुढील ठराव होईपर्यंत सदर यंत्र श्री. इंगवले यांच्या ताब्यात ठेवावे' असा ठराव झाला. पुढील ठराव अजून व्हायचा आहे. तोवर संगणक इंगवल्यांच्या आतल्या खोलीत लोखंडी टेबलावर बसून होता. संयोगिताबाईंनी, म्हणजे हंबीररावांच्या पत्नीनं, जुन्या पडद्याचा त्याला झगा शिवला होता. त्याची फ्लॉपी त्यांच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीखाली, डांबरगोळ्यांच्या सोबतीला होती. तो शालू त्यांना मुलाच्या लग्नातही नेसता आला नाही, कारण कपाट उपसताना फ्लॉपी वाकली असती.

त्या संध्याकाळी हंबीररावांनी झगा उतरवला, पायातल्या स्लिपरा दाराबाहेर ठेवल्या आणि बटण दाबलं. स्वयंपाकघरातला दिवा गेला. बाकी काही झालं नाही.

अंधारातून संयोगिताबाईंचा आवाज आला. "चालंल की म्हणालासा न्हवं?"

दुसऱ्या दिवशी ते संस्थेत गेले. संस्थेच्या मॅनेजर अनुजा मॅडम इंजिनिअर होत्या आणि कामाला चोख होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "काका, दुरुस्तीचा खर्च टाकायचा तर तीन कोटेशनं लागतील."

हंबीरराव तीन दुकानं फिरले. पहिल्या दुकानदारानं संगणकाचं वर्णन ऐकून आतून भावाला बोलावलं आणि हंबीररावांना तेच पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यानं नव्या लॅपटॉपचं कोटेशन दिलं आणि वर पिशवी फुकट देतो म्हणाला. तिसऱ्यानं कागदावर 'दुरुस्त होणार नाही' असं लिहून, शिक्का मारून, सही करून दिली. अनुजा मॅडमना त्यातल्या त्यात तेच कोटेशन नियमात बसणारं वाटलं.

"पण यात रक्कम नाही," त्या म्हणाल्या.

"दुरुस्तच व्हणार न्हाय म्हणतोय न्हवं त्यो."

"ते बरोबर आहे काका, पण रक्कम शून्य असली तरी ती लिहावी लागते. आणि खरं सांगू का, एक रुपयाच्या वस्तूवर एक रुपयापेक्षा जास्त खर्च केला तर ऑडिटला आक्षेप येईल."

हंबीरराव घरी परतले तेव्हा कट्ट्यावर चनबसाप्पा बसले होते. चनबसाप्पा म्हणजे शेजारचे. गडहिंग्लजकडचे, मिरचीचे निवृत्त व्यापारी. जगातली प्रत्येक अडचण त्यांना शेवटी मिरचीचीच अडचण वाटे, आणि आश्चर्य म्हणजे बऱ्याचदा ती तशी निघे. त्यांनी आतल्या खोलीत येऊन, चपला काढून, संगणकाचा वास घेतला.

"अण्णा, दमट धरलंय त्येनं. दमट मिरचीला आपण काय करतो? ऊन दाखवतो. हितंबी तेच."

"अवो, त्यो कॉम्प्युटर हाय."

"असंना. दमट ते दमट."

तीन कोटेशनांपेक्षा हा सल्ला स्वस्त होता. संगणक गच्चीवर गेला. त्याचं झाकण काढून आतला मोकळा भाग जुन्या चादरीवर, सांडग्यांच्या शेजारी मांडला. कावळ्यांसाठी संयोगिताबाई हातात काठी घेऊन बसल्या. दुपारी आतून एक पाल निघाली आणि इतकी वर्षं सुखात काढलेल्या घराकडं वळून वळून बघत निघून गेली. पलीकडच्या गच्चीवरून चिमणाबाईंनी हाक मारून विचारलं, "काय वाळत घातलंयसा?"

"पतसंस्था," संयोगिताबाई म्हणाल्या.

दोन उन्हं झाल्यावर संध्याकाळी सगळं जोडून हंबीररावांनी पुन्हा बटण दाबलं. स्वयंपाकघरातला दिवा राहिला. पंखा दोनदा खोकला, मागून धुळीचा एक लोट आला आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. फ्लॉपी घरघरली. संस्थेचा जुना मेनू समोर आला. हंबीररावांना एकदम भरून आलं. त्यांनी चष्मा पुसला, पण पाणी चष्म्याला नव्हतं.

"आणि एक ऊन दिलं असतं तर रंगबी आला असता," चनबसाप्पा म्हणाले.

एवढ्यावर चनबसाप्पा थांबले असते तर बरं झालं असतं. पण सत्काराची बातमी त्यांनी तालमीतल्या पोरांना सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. 'आमचे मार्गदर्शक हंबीरकाका इंगवले यांचा भव्य जाहीर सत्कार! हार्दिक अभिनंदन!' मध्यभागी हंबीररावांचा फोटो होता. दुसरा मिळाला नाही म्हणून आधार कार्डावरचा घेतला होता, त्यामुळे सत्काराचा त्यांना धक्का बसल्यासारखा दिसत होता. खाली गॉगल लावलेले शुभेच्छुक. हंबीररावांनी संयोगिताबाईंना सांगितलं की असला पोरकटपणा आपल्याला अजिबात आवडत नाही. मग ते कोथिंबीर आणायला चौकात गेले. त्या दिवशी घरात चार जुड्या कोथिंबीर आली.

रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी मनोगत लिहायला घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांची मानपत्रं लिहिली, आता स्वतःचं बोलायचं होतं. वटवृक्ष त्यांनी मुद्दाम टाळला.

शनिवारी गुंडू फेटेवाला आला. हंबीरराव अंघोळ करून, केसांना तेल लावून, आतल्या खोलीत संगणकाशेजारी खुर्ची टाकून ताठ बसले होते. संयोगिताबाई चहा घेऊन दारात उभ्या. गुंडूनं गळ्यातली टेप काढली. हंबीररावांनी डोकं जरा पुढं केलं.

"काका, वाईच बाजूला सरा की. त्येचं माप घ्यायचंय."

हंबीररावांना कळलं नाही, पण ते सरले. गुंडूनं मॉनिटरला टेप गुंडाळली, एकदा आडवी, एकदा उभी, आणि पेन्सिल कानामागून काढून तळहातावर आकडे लिहिले.

"टकुरं लई मोठं हाय," तो म्हणाला. "कापड जास्त लागंल. पर तिजोरीएवढं न्हाय."

"कसली तिजोरी?"

"तिचाबी सत्कार हाय की. आन त्या पिग्मी एजंटाच्या पैल्या सायकलीचाबी. हँडलला कसा बांधायचा त्येचाच इचार चाललाय माझा."

संयोगिताबाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. हंबीररावांनी अमरसिंहांना फोन लावला आणि आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं. अमरसिंह मोकळेपणानं बोलले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतंच.

"काका, तुमाला म्हाईतच हाय. एका माणसाचा सत्कार केला की बारा माणसं रुसत्यात. गेल्या साली एका संचालकाला शाल दिली तर दुसऱ्यानं वर्गणी बंद केली. म्हणून बोर्डानं ठरवलं, औंदा सत्कार वस्तूंचा करायचा. वस्तू रुसत न्हाय. बरोबर हाय का न्हाय?"

"बरोबर हाय," हंबीरराव म्हणाले.

दुपारी ते जेवले नाहीत. हे त्यांना फार लागलं होतं, आणि लागलं आहे हे सांगायचीही सोय नव्हती, कारण रुसण्याचा आरोप आधीच तयार होता. संयोगिताबाईंनी सरळ तोड काढली. "जाऊ नगासा. मशीन तुमच्या ताब्यात हाय. मी खोलीला कुलूप लावतो. येऊंद्यात ठराव घिऊन."

हंबीररावांनी विचार केला. न जावं तर माणसं रुसतात हे अमरसिंहांचं म्हणणं खरं ठरणार. चौकातला फ्लेक्स तर तसाच उभा होता. आणि मशीन दुसऱ्या कुणी नेलं तर वाटेत त्याला हिसके बसणार. रविवारी ते गेले. लग्नातला कोट घातला होता. त्याच्या आतल्या खिशात मनोगताची घडी होती, ती काढून ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं.

मंगल कार्यालयात तीनशे माणसं होती. हंबीररावांनी स्टेजवरच्या टेबलावर संगणक जोडला, फ्लॉपी घातली, झगा काढला. मग अनुजा मॅडमनी त्यांना आणि संयोगिताबाईंना तिसऱ्या रांगेत बसवलं. पहिली रांग संचालकांची होती, दुसरी संचालकांच्या पाहुण्यांची.

तिजोरीचा सत्कार देखणा झाला. ती मूळचीच भारदस्त, त्यात फेटा. सायकलीचा फेटा हँडलवरून घसरून घंटीवर आला, पण टाळ्या कमी पडल्या नाहीत. मग संगणक. सहकार खात्यातले मोठे अधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी मॉनिटरवर फेटा चढवला. खालच्या खोक्याला शाल पांघरली. हार घालायला गळा सापडेना, म्हणून तो कीबोर्डवर मांडला. नारळ हातात देता येईना, तोही कीबोर्डवरच ठेवला. मग बटण दाबलं.

पंखा खोकला. अक्षरं आली. आणि लगेच संगणक ओरडायला लागला. टीं, टीं, टीं, टीं.

"संगणक आपल्या भावना व्यक्त करत आहे," निवेदक सर माइकमध्ये म्हणाले. सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या रांगेत हंबीरराव खुर्चीतून अर्धे उठले. नारळानं कळा दाबून धरल्या होत्या. मॉनिटरला श्वास घ्यायच्या फटी वरच्या अंगाला होत्या आणि त्यांवर गुंडूचा फेटा घट्ट बसला होता. शालीनं पंखा झाकला होता. आणखी पाच मिनिटं आणि संगणक गेला.

"बसा गप," संयोगिताबाई पुटपुटल्या. "मान त्येचा हाय, त्योच सोसंल."

हंबीरराव बसले. स्टेजवर अनुजा मॅडम माउस शोधत होत्या. एक संचालक पडद्यावर बोट फिरवून पाहत होते. मग जळका वास पहिल्या रांगेपर्यंत आला आणि अमरसिंहांनी माइक हातात घेतला. "इंगवले काका कुठं हायत? काका, जरा वर या की."

हंबीरराव उठले. पायरीशी त्यांनी चपला काढल्या, वर गेले आणि थबकले. टेबलाभोवती बूट, सँडल, करकरत्या चपला, सगळ्यांचं कोंडाळं होतं. पुढचं वाक्य त्यांनी ठरवून म्हटलं नाही. ते इतकी वर्षं त्यांच्या तोंडातच होतं.

"चपला काढा."

"काका, दोन मिंटांचं काम हाय," अमरसिंह म्हणाले.

"ह्या मशीनपाशी थोरल्या अध्यक्षांनीबी चपला काढल्यात. आदी चपला, मग मी हात लावतो."

 ही गोष्ट अमरसिंहांनी वडिलांच्या तोंडून ऐकली होती, आणि वडील ती हसत सांगत नसत. ते वाकले आणि चपला काढून कडेला ठेवल्या. मग संचालकांनी काढल्या. प्रमुख पाहुण्यांचे बूट नाडीचे होते. त्यांना खुर्ची द्यावी लागली. डाव्या मोज्यातून त्यांचा अंगठा बाहेर आला होता. तो त्यांनी उजव्या पायाखाली झाकला.

मग हंबीरराव पुढं झाले. त्यांनी आधी मॉनिटरवरचा फेटा उतरवला. ठेवायला जागा नव्हती, टेबल भरलं होतं आणि खाली धूळ होती. हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी तो डोक्यावर ठेवला. माप मॉनिटरचं असल्यानं तो पार कानांवर टेकला. मग शाल ओढून काढली आणि खांद्यावर टाकली. हाराची फुलं कळांत अडकत होती. तो उचलून गळ्यात घातला. शेवटी नारळ काढून डाव्या काखेत धरला. हे सगळं निव्वळ तांत्रिक कारणांसाठी चाललं होतं.

टीं टीं थांबलं. हंबीररावांनी फेट्याखालून पडद्याकडं पाहिलं आणि एका हातानं तीन-चार कळा दाबल्या. त्या कुठल्या हे आठवावं लागलं नाही. फ्लॉपी घरघरली आणि पडद्यावर मेनू आला. मशीन वाचलं होतं. ते सभागृहाकडं वळले.

कोल्हापुरात डोक्याला फेटा, अंगावर शाल, गळ्यात हार आणि काखेत नारळ घेऊन स्टेजवर उभ्या असलेल्या माणसाचं काय करायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. टाळ्या सुरू झाल्या. शेवटच्या रांगेत चनबसाप्पा उठून उभे राहिले, म्हणून सगळेच उठले. सायकलीला झाल्या त्याच्या चौपट टाळ्या झाल्या. निवेदक सरांनी अशा जागी वर्षानुवर्षं जे म्हटलं होतं तेच म्हटलं.

"आता सत्कारमूर्तींनी आपलं मनोगत व्यक्त करावं अशी मी त्यांना विनंती करतो."

कुणी रुसलं नाही. अमरसिंहांनी स्वतः माइक आणून समोर धरला.

हंबीररावांचा मोकळा हात कोटाच्या खिशाकडं गेला. घडी तिथंच होती, चार पानं, वटवृक्षाशिवाय. पण काखेत नारळ होता आणि एका हातानं घडी उलगडणार नव्हती. ती त्यांनी कोटावरूनच थोपटली. समोर संयोगिताबाई डोळ्यांना पदर लावत होत्या.

"मशीन चालू हाय," ते शेवटी म्हणाले. "आता चपला घातल्या तरी चालत्यात."

पण हंबीरराव नारळ सांभाळत पायऱ्या उतरून तिसऱ्या रांगेत येऊन बसेपर्यंत स्टेजवर कुणी चपलेत पाय घातला नाही. आणि खाली, खुर्च्यांच्या ओळींखाली, संयोगिताबाईंनी मघाशीच काढून ठेवलेल्या चपलांच्या शेजारी, आणखी कितीतरी चपला रिकाम्या पडल्या होत्या.